मयताची जबानी

दोस्तांनो, हे भांडण घरातलं आहे म्हणून आपल्याच कागदावर मांडतोय. परक्याशीही भांडण आहे. ते आधी उरकतो, मग आपलं.

गेल्या वर्षी सांगलीत एका कार्यक्रमात मी माझी गोष्ट वाचली. गोष्टीत माझा आजा बोलतो. आजा मेलाय. मातीआड झालेला माणूस मातीतनं बोलतो एवढंच त्या गोष्टीतलं नवं. बाकी सगळं जुनंच. आटपाडीकडचं गाव, तराळकी, हातातली घुंगुरकाठी, आणि दुसऱ्याच्या मरणाचे सांगावे घेऊन उन्हातनं पळणारे पाय. वाचून झालं आणि दोन माणसं उभी राहिली.

पहिला प्राध्यापक. बोलणं गोड. म्हणाला, "मेलेला निवेदक हा प्रयोग आयरिश कादंबरीनं सध्या फार उंचीवर नेलाय. तुम्ही त्या फंदात पडू नका. तुमच्याकडं अनुभव आहे, अस्सल अनुभव. आत्मकथन लिहा." अस्सल म्हणताना त्यानं गुळाची ढेप हुंगावी तसं तोंड केलं होतं.

दुसरा आपला. गळ्यात निळं उपरणं, मोर्च्यात माझ्या खांद्याला खांदा लावून चाललेला. तो ओरडला, "जयभीम म्हणतोस आणि भुताखेताचं लिहितोस? बावीस प्रतिज्ञा इसरलास काय? दाभोलकरांचा सातारा शेजारी हाय, आन् तू हितं मढी नाचवतोस?" टाळ्या त्याला पडल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. रातपाळी होती. उठलो आणि गिरणीत गेलो. साच्यापुढं तुटलेले धागे सांधत उत्तर जुळवायला घेतलं. जुळायला दहा महिने लागले, कारण प्राध्यापकानं नावं घेतली ती पुस्तकं आधी वाचायची होती. न वाचता निकाल द्यायची सवय प्रस्थापितांची. ती आपण कशाला उचलायची?

माझं शिक्षण नववी नापास. पुस्तकं एम.ए. करणाऱ्या एका दोस्तानं मिळवून दिली. मोबाइलमधला शब्दकोश उघडून सुट्टीच्या दिवशी चार पानं, कधी दोन. काही पानं डोक्यावरनं गेली. पण जे डोक्यात गेलं ते सांगतो.

आयर्लंड म्हणजे इंग्रजांनी शेकडो वर्षं टाचेखाली धरलेलं बेट. १८४५ पासून तिथं बटाटा कुजला आणि पुढच्या काही वर्षांत भुकेनं आणि रोगानं दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. धान्य मात्र बंदरातनं बाहेर जातच होतं. माणसांबरोबर त्यांची बोलीही मेल्यासारखी झाली. त्या बोलीत मार्टिन ओ काइन नावाच्या माणसानं १९४९ साली एक कादंबरी लिहिली. हा शाळामास्तर. बंडखोर म्हणून नोकरी गेलेली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं छावणीत डांबलेला. कादंबरीचं नाव ‘क्रे ना किल्ये’, म्हणजे कबरस्तानातली माती. तिच्यात जिवंत माणूस एक नाही. सगळे गाडलेले. नवं मढं खाली आलं की जुनी मढी त्याला विचारतात, वर काय चाललंय, कोण कुणाचं लगीन झालं, कुणाची जमीन कुणी खाल्ली. आणि त्यातली मुख्य बाई कॅट्रिओना, तिला मेल्यावर पहिली काळजी काय? तर आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरलंय का पंधरा शिलिंगांच्या! मी वाचलं आणि एकटाच हसलो. मग हसू थांबलं. आमच्या गावात गावाचं मढं पत्र्याच्या शेडखाली जळायचं आणि आमचं ओढ्याच्या काठाला. पावसाळ्यात लाकडं पेटायची नाहीत तेव्हा आमची माणसं मढ्याजवळ पोती धरून उभी राहायची. कॅट्रिओनाबाई, तुला निदान दर विचारता आला.

त्या पुस्तकात कोण बोलतंय ते लेखक सांगत नाही. ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ असलं काही नाही. नुसते आवाज. आवाजाच्या ढबीवरनं माणूस ओळखायचा. प्राध्यापक ह्याला प्रयोग म्हणतो. माझ्या रिंग खात्यात चात्या फिरायला लागल्या की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी अर्धाच शब्द पोचतो. त्या अर्ध्या शब्दावरनं कोण ओरडला, जॉबर का डॉफर, हे आम्हाला मान न वळवता कळतं. मला ते पुस्तक अवघड गेलं ते इंग्रजीमुळं, प्रयोगामुळं नव्हे.

दुसरं पुस्तक माइक मॅकॉर्मॅकचं, ‘सोलर बोन्स’, २०१६ सालचं. एक इंजिनीअर आपल्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून आयुष्य आठवतोय. दिवस २ नोव्हेंबरचा, तिकडची सर्वपित्री म्हणा. अख्ख्या पुस्तकात पूर्णविराम नाही. हळूहळू कळतं की हा गडी मेलेला आहे. मेलेल्याला कुठला पूर्णविराम! पुस्तक चांगलं आहे, मला आवडलं. पण दोस्तांनो, एक गोष्ट बघा. ह्या मेलेल्याला परत यायला स्वयंपाकघर आहे, टेबल आहे, टेबलावर वर्तमानपत्र आहे. माझ्या आज्याला परत यायचं झालं तर तो कुठं येईल? खोलीची भिंत पडली, जागेवरनं रस्ता गेला.

तिसरं एका बाईचं, डेरन नी ग्रीफा हिचं, २०२० सालचं. नाव ‘अ घोस्ट इन द थ्रोट’, घशातलं भूत. लेकरांना दूध पाजत, घर झाडत ही बाई दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका विधवेचा पाठलाग करते. त्या विधवेचं नाव आयलीन. तिच्या नवऱ्याला १७७३ साली गोळी घातली. कारण काय? घोडा. तिथल्या कायद्यानं कॅथॉलिक माणसाला पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगायची बंदी. एका बड्या धेंडानं पाच पौंड पुढं केले आणि घोडा मागितला, ह्यानं दिला नाही. वाचताना माझे हात थांबले. आपल्या देशात नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगड खातो. आयलीन नवऱ्याच्या मढ्यावर सूर धरून रडली, आणि ते रडणं बायांनी तोंडातोंडी राखलं, कागदावर नंतर आलं. आपल्या आयाबायाही मयतावर असंच हेल काढून रडतात. मेलेल्याशी बोलतात, त्याला जाब विचारतात, त्याची सगळी कहाणी रडण्यात सांगतात. ते कुणी लिहून घेतलं? आपण त्यांना गप करतो. "बास झालं आता, उठा."

तिकडं मढी का बोलतात तेही मला पुस्तकांच्या बाहेर कळलं. ट्यूम नावाच्या गावी कुमारी मातांना डांबायचं एक गृह होतं, जोगिणींनी चालवलेलं, १९६१ ला बंद झालं. तिथं मेलेल्या ७९६ लेकरांच्या नोंदी एका बाईनं एकेक करून जमवल्या, २०१४ साली त्याचा बोभाटा झाला, आणि पुरल्याच्या नोंदी जवळपास नव्हत्याच. २०२५ साली तिथली जमीन रीतसर उकरायला घेतली. ज्या देशाच्या जमिनीखाली एवढं दाबलेलं आहे तिथल्या लेखकाला भूत शोधायला जावं लागत नाही. तोच हिशेब अमेरिकेतल्या काळ्यांचा. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मध्ये, १९८७ सालच्या, गुलामी नको म्हणून आईनं मारलेली लेक परत येते. ज्या काळ्या पँथरांवरनं आपल्या लोकांनी १९७२ ला नाव घेतलं, त्यांच्याच लोकांचं हे वाङ्मय.

तर प्राध्यापकसाहेब, तुमची पुस्तकं वाचली. आभार. आता माझं ऐका.

तुम्ही म्हणालात, प्रयोग त्यांचा, अनुभव आमचा. ही वाटणी कुणी केली? ही जुनीच वाटणी आहे. मंत्र त्यांचा, मढी ओढणं आमचं. आमचं पुस्तक आलं की तुम्ही विचारता, हे खरं घडलं का? किती उपास काढले? मग पाठीवर हात. दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहिलं तेव्हा एकाच माणसाचे दोन तुकडे करून एकाला बोलायला आणि दुसऱ्याला ऐकायला बसवलं. दगडू सांगतो, दया ऐकतो. एका देहात दोन माणसं आणि एकाला दुसऱ्याची लाज. हा प्रयोग नव्हे तर काय? तुम्ही त्यातली भाकरी मोजलीत. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी दुकानात बसून, नवऱ्यापासनं लपवून लिहिलं, ते ‘जिणं आमुचं’ म्हणून १९८६ ला पुस्तक झालं. आत्मकथन म्हणता, पण त्यात ‘मी’ शोधावा लागतो. सगळीकडं आम्ही, आमचा महारवाडा, आमच्या बाया. अख्खी वस्ती एका तोंडानं बोलते. असलं निवेदन मराठीत आधी कुणी केलं होतं ते दाखवा. फलटण तालुक्यातल्याच लक्ष्मण मान्यांनी १९८० ला ‘उपरा’ लिहिलं. ही सगळी पुस्तकं माझ्या उशाशी आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण आत्मकथन कोण लिहितो? जो वाचला तो. जो शिकला, सुटला, तगला तो. जो तगला नाही त्याचं काय? त्याचं आत्मकथन कुणी लिहायचं?

प्राध्यापकाचं एवढं पुरे. आता आपलं.

निळ्या उपरण्याच्या माझ्या दोस्ता, तू ज्या मातीत उभा राहून ओरडलास तिच्याखाली कोण आहे ते बघू.

आपल्या जतच्या पलीकडं मंगळवेढं. तिथं गावकुसाचं बांधकाम चाललेलं. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना गावकूस बांधायला धरून आणलेलं. १३३८ च्या सुमाराला ते कूस कोसळलं आणि त्याखाली चोखोबा आणि बाकीचे मजूर गाडले गेले. कथा अशी सांगतात की नामदेव तिथं गेले तेव्हा हाडांच्या ढिगात चोखोबाची हाडं कुठली हे ओळखू येईना. मग एकेक हाड कानाला लावलं. ज्या हाडातनं ‘विठ्ठल विठ्ठल’ आलं ते चोख्याचं. ती हाडं पंढरपूरला महाद्वारापाशी पायरीजवळ पुरली. आत नव्हे, बाहेर.

म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आमची हाडं बोलली. पण त्यांना शब्द किती दिले? एक. अंगावर भिंत पडलेला माणूस भिंतीबद्दल काही बोलला नाही? धरून कुणी आणलं, मजुरी किती ठरली, भिंत कच्ची होती हे मुकादमाला ठाऊक होतं का, ह्यातलं काहीच नाही? आणि बाकीच्या हाडांचं काय? ती बोलली नाहीत म्हणून ती कुणाची नाहीत? बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण ह्यावरचं पुस्तक लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. बाबासाहेब मेलेल्यांना विसरले नव्हते. पण त्यांनी हाडाला कान लावून एकच शब्द ऐकला नाही. त्यांनी त्या हाडांवर शेकडो पानांचा जाब लिहिला.

पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथाही तुला ठाऊक असेल. बुरूज टिकेना म्हणून पायात नाथनाक आणि देवकाई हे नवराबायको जिवंत गाडल्याचं सांगतात. कथेत बापाला पाटीलकी मिळते, सोनं मिळतं, बुरूज टिकतो. देवकाई काय म्हणाली ते कथेत नाही.

वारणेच्या खोऱ्यात ये. वाटेगावचे अण्णा भाऊ. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ आपण सगळ्यांनी वाचलीय. तिकडं आयर्लंडात मास्तरनं कबरस्तानातली माती लिहिली, इकडं अण्णा भाऊंनी स्मशानातलं सोनं लिहिलं. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमीच. खाणीतलं काम गेलं म्हणून भीमा रात्री मढी उकरतो. बायको भुतांना भिते, तर तो तिला सांगतो की खरी भुतं शहरात, घरांत राहतात. आणि मग ती रात्र. कोल्ह्यांशी झुंज, तोंडातलं सोनं काढायला घातलेली बोटं, आणि मढ्याचा जबडा त्या बोटांवर बसतो. ह्या गोष्टीला कुणी भुताची गोष्ट म्हणतं का? मढं तिथं बोलत नाही, पण चावतं. भुतावर विश्वास न ठेवता अण्णा भाऊंनी मढ्याला कामाला लावलं. कम्युनिस्ट माणूस, दीड दिवसाची शाळा. त्यांना तू अंधश्रद्धेचं पत्रक देणार का?

मग आटपाडी. शंकरराव खरात, आमच्या तालुक्यातले, पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले. त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये, १९८१ सालच्या, विहिरीतलं मढं आहे. पोलिसांचा हुकूम, तराळानं उतरायचं आणि प्रेत वर काढायचं. आत साप. वर काठावर बाप आणि पोरगा. ते पान वाचलं आणि मी दोन दिवस जेवलो नव्हतो. शंकररावांनी बापाचं बोलणं लिहिलं, पोराचं लिहिलं, पोलिसाचं लिहिलं. पाण्यातलं मढं तेवढं गप आहे. ते त्यांचं काम नव्हतंच. ते बापाचं दुःख लिहीत होते.

ते काम माझं आहे. का, ते आता सांगतो. कार्यक्रमात सांगितलं नव्हतं.

आज्याची गोष्ट खरं म्हणजे सराव होता. आज्याची तराळकी १९५८ च्या कायद्यानं गेली, पण गावानं सोडली नाही. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत तो सांगावे नेत होता. कुणाच्या घरी मयत झालं की ह्यानं पंधरा-वीस मैल पळायचं, पाव्हण्याच्या दारात लांब उभं राहायचं, सांगायचं, वाढलं तर फडक्यात घ्यायचं आणि परत पळायचं. तो स्वतः मेला तेव्हा त्याचा सांगावा घेऊन कोण गेलं नाही, फोन केले. त्यानं आपल्या तोंडानं मला काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "जाऊ दे की रं पोरा, काय करायचंय." म्हणून मी त्याला मेल्यावर बोलायला लावलं.

पण मूळ चुलती आहे. मी सहा वर्षांचा होतो. उन्हाळा. आमच्या वस्तीला टँकर आला नव्हता. चुलती एकाच्या रानातल्या विहिरीवर गेली. तिथं आम्हाला बंदी होती, लेखी नव्हे, सगळ्यांना ठाऊक असलेली. सकाळी ती विहिरीत सापडली. पंचनामा झाला. मोठा झाल्यावर मी तो मिळवून वाचला. ‘मयत नामे अमुक, वय अंदाजे, जात अमुक, ही पाणी भरण्यासाठी गेली असता पाय घसरून.’ खाली पंचांचे अंगठे. एक अंगठा आमच्या घरातला. कसा घेतला ते घरात कुणी बोलत नाही.

त्या दिवशी बायांच्या पायांतनं मी पुढं घुसलो होतो. विहिरीच्या काठावर घागर होती. भरलेली. सरळ उभी. तिच्यावर चुंबळ ठेवलेली.

पाणी भरताना पाय घसरला तर घागर काठावर भरून कशी? पाणी भरून झालं होतं, घागर बाजूला ठेवली होती, चुंबळ घागरीवर ठेवून ती कुणाशी तरी बोलायला उभी राहिली होती. कुणाशी? पंचनाम्यात घागर नाही. चुंबळ नाही. सहा वर्षांच्या पोराला कुणी विचारलं नाही.

आता सांग दोस्ता, हे मी कुठल्या पद्धतीनं लिहू? आत्मकथन लिहू? मी त्या रात्री तिथं नव्हतो. बातमी लिहू? पुरावा नाही. कायदा मेलेल्याचं ऐकतो, बरं का! १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ३२, आणि १ जुलै २०२४ पासनं नव्या साक्ष अधिनियमाचं कलम २६. मरणाऱ्यानं आपल्या मरणाचं कारण सांगितलं असेल तर ती जबानी कोर्टात चालते. म्हणजे कोर्टसुद्धा मयताचा आवाज मानतं, कोर्टाला कुणी अंधश्रद्ध म्हणत नाही. फक्त ती सांगत असताना ऐकणारा पाहिजे. चुलतीपाशी कोण होतं? पाणी. आमच्या मेलेल्यांच्या नावावर ह्या देशात एकच वाङ्मय आहे, पंचनामा. ‘सदर मयत इसम.’ तृतीय पुरुषी, शिक्का मारलेलं. त्याच्यापुढं मला प्रथम पुरुषी लिहायचंय. ‘मी घागर खाली ठेवली.’ एवढं एक वाक्य लिहायला मला भूत लागतं.

तू म्हणतोस आत्मा नाही. मीही तेच म्हणतो. बुद्धानं आत्मा नाकारला, बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये ते पान पान समजावलं. श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा माझ्या बापानं घेतली आणि मी पाळतो. चुलती कुठल्या पिंपळावर बसलेली नाही. ती संपली. संपली म्हणून तर मला तिच्या वतीनं बोलावं लागतंय! ती खरंच येऊन बोलत असती तर मी कशाला लिहीत बसलो असतो? कागदावरचं भूत लिंबू मागत नाही, कोंबडं मागत नाही, भगताला पैसे देत नाही. वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीला ठाऊक असतं की मेलेली बाई बोलत नाही, कुणीतरी जिवंत माणूस तिच्या जागी उभा आहे. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. ते लढले ते बुवाबाजीशी, लुबाडणुकीशी. गोष्टीशी नव्हे. आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातो, दगडावरची ‘नाक’ लागलेली नावं बोटानं वाचतो. ते भुताला बोलावणं आहे का?

आणि खरी भुतं पाहिजेत तर त्यांची जात बघ. गावाच्या भुतावळीत पण वर्ण आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पोर, म्हणजे जात ठरली. ब्रह्मसमंध म्हणजे विद्वान भटजी, मेल्यावरही पिंपळ त्याचा. खवीस म्हणजे आमच्याकडं मुसलमान नाहीतर वेशीबाहेरचा. मोठ्या लेखकांच्या भयकथांतली भुतं वाड्यात राहतात, माडीवर चालतात, वारसाहक्कावरनं भांडतात. आमच्या भुताला वाडा नाही, माडी नाही, सातबारा तर नाहीच. आणि गावात कुणाचं जनावर मेलं की करणी केली म्हणून दारात कुणाच्या येणार? आमच्या म्हातारीच्या. ह्या भुतांविरुद्ध तू लढ, मी तुझ्या पुढं चालतो. बेबीताईंनी आषाढात बायांच्या अंगात यायचं लिहिलंय आणि त्या अज्ञानावर कोरडे ओढलेत. पण वाचताना मला अजून एक दिसलं. जिला एरवी घरात कुणी बोलू देत नाही ती सून अंगात आलं की बोलते, आणि सासू हात जोडून ऐकते. बोलायला तिला देवी व्हावं लागलं. देवी खोटी. बोलायची भूक खोटी का?

तुझं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो, तू ते केलं नसलंस तरी. मेलेल्याचा घसा उसना घेण्यात चोरी होऊ शकते. २००७ साली माण तालुक्यात कुळकजाईला विहीर खणणाऱ्या आपल्या एका माणसाला मारलं. २०१० ला साताऱ्याच्या कोर्टानं आरोपी निर्दोष सोडले. माझी आई माणची. मी त्या माणसाच्या तोंडून कविता लिहिली होती. चांगली झाली होती, टाळ्या मिळाल्या असत्या. मग वाटलं, त्याचे घरचे आहेत, ते कोर्टात उभे राहिले, त्यांचं त्यांना बोलता येतं. मी कोण मधे? फाडली. खैरलांजीवरही, २९ सप्टेंबर २००६ वर, मी मेलेल्यांच्या तोंडून एक ओळ लिहिलेली नाही. तसल्या कविता ढिगानं आल्या आणि त्यातल्या पुष्कळ मला किळसवाण्या वाटल्या, आपल्याच लोकांच्या असल्या तरी. म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय. ज्याचं माणूस बोलायला जिवंत आहे त्याच्या मढ्याला हात लावायचा नाही. चुलतीचं बोलणारं माणूस मीच आहे, घागर बघितलेला.

गोष्ट लिहून होत आलीय. चुलता विचारतो काय लिहितोस, मी सांगितलं नाही. ती मारली असं मी लिहिलेलं नाही, कारण मला ठाऊक नाही. ती घागर ठेवते, चुंबळ ठेवते, कुणीतरी हाक मारतं म्हणून मागं वळते. तिथपर्यंत तिची ओळ. पुढं पाणी.

पुढच्या महिन्यात विट्याला वाचन आहे. आज्याची गोष्ट वाचणार नाही, हीच वाचणार. प्राध्यापकानं यावं, न यावं, त्याची मर्जी. दोस्ता, तू मात्र ये. पुढच्या रांगेत बस. घागरीपर्यंत ऐक, मग ओरडायचं असलं तर ओरड. माझी त्या दिवशी दिवसपाळी आहे, थांबून बोलता येईल.